एकाच नदीचें पाणी

जर्मनीच्या उत्तर भागांत एल्ब नदीच्या उजव्या तीरावर हॅंबुर्ग आणि आल्टोना हीं दोन शहरें १८९२ सालीं एकमेकांस इतकीं लगटून वसलेलीं होतीं, कीं एक कोठें संपतें व दुसरें कोठें सुरू होतें, हें नवख्या प्रवाशास सांगतां आलें नसतें. घरांच्या ओळी सलग होत्या. कित्येक जागीं हद्दीची रेषा रस्त्याच्या मधोमध जात असे. समोरासमोरच्या दारांत उभ्या राहिलेल्या दोन शेजारणी एकच भाषा बोलत, एकाच बाजारांत भाजी घेत, एकच हवा घेत. मात्र एक हॅंबुर्गची नागरिक असे व दुसरी आल्टोनाची. त्या वर्षींच्या ऑगस्ट महिन्यांत या रेषेला भलताच अर्थ प्राप्त झाला. रस्त्याच्या एका बाजूच्या घरांतून प्रेतें निघूं लागलीं. दुसऱ्या बाजूच्या घरांत मुलें नेहमीप्रमाणें खेळत राहिलीं.

हा भेद दैवाचा नव्हता, जमिनीचा नव्हता, किंवा राहणीचाहि नव्हता. तो नळांतून येणाऱ्या पाण्याचा होता. आणि नवलाची गोष्ट ही, कीं दोन्हीं शहरांचें पाणी एकाच नदीचें होतें.

हॅंबुर्ग हें जर्मन साम्राज्यांतील एक स्वतंत्र नगरराज्य. त्याची लोकसंख्या सहा लाखांच्या घरांत, त्याचें बंदर यूरोपांतील अग्रगण्य बंदरांपैकीं एक, आणि त्याचा कारभार धनाढ्य व्यापारी व घरमालक यांच्या हातीं. आल्टोना हें त्याचें धाकटें भावंड. १८६४ पर्यंत तें डेन्मार्कच्या राजाच्या अंमलाखालीं होतें, पुढें प्रशियाकडे आलें. तेथील वस्ती दीड लाखाच्या आंतबाहेर. वैभवांत, विद्येंत किंवा व्यापारांत आल्टोनानें हॅंबुर्गशीं बरोबरी करावी, असें कांहींच नव्हतें.

पाण्याच्या बाबतींतहि हॅंबुर्गला अभिमान वाटण्यास जागा होती. १८४२ च्या मे महिन्यांत लागलेल्या भयंकर आगींत त्या शहराचा मोठा भाग जळून गेला. नवें शहर उभारतांना विल्यम लिंडले नांवाच्या इंग्रज स्थापत्यविशारदाच्या योजनेप्रमाणें भुयारी गटारें आणि घरोघर पाण्याचे नळ बांधण्यांत आले. त्या काळीं यूरोपांतील फारच थोड्या शहरांत अशी सोय होती. शहराच्या वरच्या अंगास, रोथेनबुर्गसॉर्ट येथें नदीचें पाणी उचलावें, तें थोडा वेळ तळ्यांत निवूं द्यावें आणि यंत्रानें शहरांत सोडावें, अशी ही व्यवस्था होती. पाणी वाळूंतून गाळून घ्यावें ही सूचना पुढें झाली होती. परंतु ती खर्चाच्या अंदाजपत्रकापाशीं येऊन अडली. घरमालकांचा भरणा असलेली लोकसभा आणि राज्यकारभार पाहणारें सेनेट यांच्यामध्यें खर्च कोणीं सोसावा, मीटर बसवावे कीं नाहीं, यावर वर्षानुवर्षें वाद चालले. अखेर १८९० सालीं गाळणीघर बांधण्याचें ठरलें. १८९२ चा उन्हाळा आला तेव्हां काम चालू होतें. पुरें झालेलें नव्हतें.

मधल्या काळांत हॅंबुर्गचे नळ हा थट्टेचा विषय होऊन बसला होता. नळांतून बारीक मासे, गोगलगायी व किडे येत. केव्हां केव्हां वाम माशाचें पिलूंहि येई आणि तोटी बंद पाडी. कार्ल क्रेपेलीन या प्राणिशास्त्रज्ञानें तर १८८६ च्या सुमारास हॅंबुर्गच्या नळांत राहणाऱ्या जीवसृष्टीवर एक शास्त्रीय प्रबंधच लिहिला. घरांच्या माथ्यावर पाणी साठविण्याच्या टाक्या असत व त्यांच्या तळाशीं चिखल साचे. लोक हंसत आणि पाणी पीत. जें डोळ्यांस दिसत होतें तें किळसवाणें होतें, परंतु जिवावर बेतणारें नव्हतें. जें जिवावर बेतणार होतें तें डोळ्यांस दिसत नव्हतें.

याहून मोठा दोष नदीच्या स्वभावांत होता. एल्ब ही भरती-ओहोटीची नदी. ओहोटीच्या वेळीं शहराचा मळ खालीं समुद्राकडे वाही खरा, पण भरतीबरोबर तोच मळ उलटून वर चढे आणि पाणी उचलण्याच्या ठिकाणापर्यंत जाऊन पोंचे. म्हणजे शहरानें गटारांत टाकलेलें शहरालाच नळावाटें परत मिळण्याची वाट मोकळी होती.

आल्टोनाची स्थिति पाहिली तर ती याहूनहि वाईट दिसावी. तें शहर नदीच्या खालच्या अंगास. वरच्या बाजूस पाणी घेण्यास त्याला जागाच नव्हती. त्यामुळें आल्टोनाचें पाणी ब्लांकेनेझ या गांवाजवळ, हॅंबुर्गच्या कित्येक मैल खालीं, उचललें जाई. हॅंबुर्ग, आल्टोना व आसपासची वस्ती मिळून सुमारें आठ लाख माणसांची घाण पोटांत घेऊन आलेलें तें पाणी! अशा पाण्याला हात लावण्याचेंहि कोणाला धाडस झालें नसतें. म्हणूनच १८५९ सालीं तेथें पाण्याचा कारखाना निघाला तेव्हां प्रारंभापासूनच पाणी बाउर्सबर्ग टेकडीवर चढवून वाळूंतून गाळण्याची व्यवस्था करण्यांत आली. हॅंबुर्गला आपलें पाणी बरें वाटत होतें म्हणून त्यानें तें गाळलें नाहीं. आल्टोनाला आपलें पाणी वाईट आहे हें ठाऊक होतें म्हणून त्यानें तें गाळलें. पुढील सारी कथा या एका वाक्यांत सांठविलेली आहे.

त्या काळीं पटकीच्या कारणाविषयीं विद्वानांत एकमत नव्हतें. म्युनिकचे माक्स फोन पेटनकोफर हे आरोग्यशास्त्राचे थोर आचार्य. त्यांच्या मतें रोगाचें बीज माणसाबरोबर आलें तरी तें जमिनींत पडून, तेथील ओल व कुजलेलें द्रव्य यांच्या योगानें पिकल्याखेरीज साथ उद्भवत नाहीं. नुसत्या पिण्याच्या पाण्याला दोष देणें व्यर्थ आहे. उलट, रॉबर्ट कॉख यांनीं १८८३ सालीं प्रथम ईजिप्तमध्यें व नंतर कलकत्त्यास जाऊन पटकीचा स्वल्पविरामाच्या आकाराचा जंतु शोधून काढला होता. १८८४ च्या आरंभीं कलकत्त्याजवळच्या एका तळ्याकांठच्या वस्तींत पटकीची साथ चालली असतां त्याच तळ्याच्या पाण्यांत त्यांना तो जंतु सांपडला. तेथील लोक त्याच तळ्यांत स्नान करीत, कपडे धूत आणि त्याचेंच पाणी पीत. कॉख यांच्या दृष्टीनें यापुढें अधिक पुरावा नको होता. पण हॅंबुर्गच्या अधिकाऱ्यांना पेटनकोफर यांचें मत सोयीचें होतें. त्या मताप्रमाणें गाळणीघराची घाई नव्हती, आणि बंदर बंद ठेवण्याचीहि निकड नव्हती.

१८९२ चा उन्हाळा कडक व कोरडा गेला. नदीचें पाणी उतरलें आणि कोमट झालें. रशियांत पटकीची साथ चालू होती व तेथून अमेरिकेस जाणारे हजारों निर्वासित हॅंबुर्गच्या धक्क्यावरील छपरांत मुक्काम करीत होते. त्यांच्या वस्तीचें सांडपाणी एल्बमध्येंच जाई. रोग त्यांच्याबरोबर आला असावा, हा तर्क बहुतेकांनीं मान्य केला आहे. ऑगस्टच्या मध्यास बंदर व गटारें यांच्या आसपास काम करणारीं माणसें एकाएकीं ओकाऱ्या व जुलाब होऊन मरूं लागलीं. कांहीं वैद्यांस खरी गोष्ट तत्काळ उमगली. परंतु जंतु प्रयोगशाळेंत सिद्ध झाल्यावांचून पटकीचें नांव उच्चारण्यास वरिष्ठ तयार होईनात. त्या नांवाबरोबर बंदराचा व्यापार थांबणार, जहाजें अडणार, कोट्यवधींचें नुकसान होणार, हें प्रत्येकजण जाणून होता. याच दिवसांत हॅंबुर्गहून न्यूयॉर्कला निघालेल्या एका जहाजास शहरांत रोगराई नाहीं असा दाखला मिळाला, आणि वाटेंत त्या जहाजावर पटकीनें माणसें मेलीं. साथीची उघड कबुली मिळाली तेव्हां ऑगस्टचा चोविसावा दिवस उजाडत होता. साम्राज्यसरकारनें पाठविलेले कॉख त्याच सुमारास शहरांत दाखल झाले.

तोंवर जंतु नळांत शिरला होता. ज्या नळांनीं घरोघर सुख पोंचविलें, त्याच नळांनीं आतां एकाच आठवड्यांत घरोघर मरण पोंचविलें. विहिरीवरची साथ एका आळींत राहते. नळावरची साथ सबंध शहराला कवटाळते. दिवसाला शेंकडों माणसें मरूं लागलीं. प्रेतें वाहून नेण्यास गाड्या पुरेनात. शाळा बंद झाल्या, बंदर ओस पडलें, ज्यांस शक्य होतें ते आगगाडीनें पळाले, आणि इतर गांवांनीं हॅंबुर्गच्या माणसास दाराशीं उभें करीनासें केलें. साथ ओसरली तेव्हां सुमारें १७ हजार माणसें आजारी पडून ८,६०० हून अधिक मृत्युमुखीं पडलीं होतीं. प्रत्येक हजार वस्तीमागें हें प्रमाण तेरांहून अधिक पडतें.

या दिवसांत घराघरांतील स्वयंपाकघर हेंच खरें रणक्षेत्र झालें. पाणी उकळून प्या, दूध उकळून घ्या, कच्चें फळ खाऊं नका, भांडीं उकळत्या पाण्यानें धुवा, अशीं पत्रकें निघालीं. कामकरीवर्गाच्या समाजवादी पक्षाच्या कार्यकर्त्यांनीं तीं जिने चढून घरोघर पोंचविलीं. चौकाचौकांत उकळलेल्या पाण्याच्या गाड्या उभ्या राहिल्या. परंतु उकळणें ही सूचना जितकी सोपी, तितकी आचरण्यास सोपी नव्हती. जेथें सेंपाकघर वेगळें, चुलीवर सदा आधण आणि हाताशीं नोकर, तेथें ती सहज पाळली गेली. बंदरालगतच्या अरुंद बोळांत, एका खोलींत आठ माणसें राहत, जळण मोजून विकत आणावें लागे आणि दिवसभर कामावर असलेल्या आईला पाणी तापवून निववीत बसण्यास सवड नसे. तेथें तहानलेलें मूल सरळ तोटीखालीं हात धरी. म्हणून मृत्यूचें प्रमाण उत्पन्नाच्या उलट चढत गेलें. जितकी मिळकत कमी, तितकी प्रेतें अधिक. पाणी सर्वांचें एकच होतें; तें निर्विष करण्याची ऐपत मात्र सर्वांची एक नव्हती. सार्वजनिक कर्तव्य घरावर ढकललें म्हणजे तें गरिबाच्या घरावर सर्वांत जड पडतें, हें हॅंबुर्गनें त्या महिन्यांत पाहिलें.

आतां आल्टोनाकडे वळावें. तेथें पटकी मुळींच आली नाहीं असें नाहीं. कित्येक कामकरी रोज हॅंबुर्गला जात, तेथें पाणी पीत आणि रोग घेऊन घरीं परतत. परंतु तो रोग त्यांच्या घरीं पसरला नाहीं. आल्टोनांत हजारीं दोनांच्या आसपास माणसें मेलीं, आणि त्यांतहि बाहेरून रोग घेऊन आलेले पुष्कळ होते. कॉख यांनीं हद्दीवरील रस्ते स्वतः पाहिले. हॅंबुर्गर प्लाट्स या भागांत त्यांस एक विलक्षण उदाहरण मिळालें. तेथें कामकऱ्यांच्या खोल्यांचा एक मोठा वाडा होता. तो हॅंबुर्गच्या जमिनीवर होता, त्याचें सांडपाणी हॅंबुर्गच्या गटारांत जाई, आणि त्याच्या भोंवतालच्या हॅंबुर्गच्या घरांत पटकीनें थैमान घातलें होतें. वाड्यांत सुमारें साडेतीनशें माणसें राहत. एकासहि पटकी झाली नाहीं. कारण शोधतां असें आढळलें, कीं हॅंबुर्गचे नळ त्या कोपऱ्यापर्यंत नेणें अडचणीचें असल्यामुळें या वाड्यास आल्टोनाचें पाणी दिलेलें होतें.

प्रयोगशाळेंत बसून कोणा शास्त्रज्ञानें प्रयोग मांडला असता, तरी तो याहून नेमका झाला नसता. जमीन एक, हवा एक, गटार एक, दारिद्र्य एक. फक्त पाणी वेगळें. पेटनकोफर यांची जमिनीविषयींची उपपत्ति या वाड्याच्या उंबरठ्यावर अडखळली. त्या वृद्ध आचार्यानें हार मात्र मानली नाहीं. ७ ऑक्टोबर १८९२ रोजीं, वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षीं, त्यांनीं पटकीचे जंतु असलेलें द्रव्य स्वतः प्राशन केलें. थोडे जुलाब झाले, पण प्राण वांचले. त्यांच्या धैर्यास सर्वांनीं मान दिला. त्यांच्या मताला तो मान यापुढें मिळाला नाहीं.

वाळूंत असें काय सामर्थ्य होतें? लंडनमध्यें जेम्स सिम्प्सन यानें १८२९ सालीं ही गाळणी मोठ्या प्रमाणावर सुरू केली तेव्हां गढूळ पाणी स्वच्छ दिसावें एवढाच हेतु होता. मोठ्या हौदांत तळाशीं दगड-खडी, वर बारीक वाळूचा जाड थर, आणि त्यावर पाणी. पाणी तासाला चार इंचांच्या बेतानें, अगदीं सावकाश, खालीं झिरपतें. कांहीं दिवसांत वाळूच्या माथ्यावर बुळबुळीत सायीसारखा एक थर जमतो. हा किळसवाणा दिसणारा थरच खरा रखवालदार असतो. पाण्यांतील सूक्ष्म जंतु त्यांत अडकतात व तेथील इतर जीव त्यांचा फडशा पाडतात. थर फार दाट झाला म्हणजे हौद रिकामा करून वरची वाळू खरवडून काढावी लागते आणि नवा थर जमेपर्यंत धीर धरावा लागतो. येथें घाई केली, कीं गाळणी नांवाचीच उरते.

आल्टोनाला हा धडा त्याच हिंवाळ्यांत मिळाला. डिसेंबर १८९२ ते फेब्रुवारी १८९३ या काळांत ज्या शहरास साथीनें सोडलें होतें त्या शहरांत पटकीचे रोगी निघूं लागले. संख्या थोडी होती, पण त्यांचा उगम पाण्यांतच होता. कॉख यांनीं तपास केला. कडक थंडींत एक हौद साफ करतांना वाळू गोठली होती, तिच्यांतून पाणी नीट गाळलें जात नव्हतें, आणि दोषी हौदाचें पाणी इतर हौदांच्या पाण्यांत मिसळत होतें. यावरून कॉख यांनीं नियम घालून दिले: प्रत्येक हौदाचें पाणी रोज निराळें तपासावें, एका घन सेंटिमीटर पाण्यांत शंभरांहून अधिक जंतु आढळल्यास तें पाणी लोकांस देऊं नये, गाळण्याचा वेग ठरलेल्या मर्यादेपुढें जाऊं नये. ज्या गाळणीनें आल्टोनास ऑगस्टमध्यें वांचविलें, तिच्यावरील विश्वासच जानेवारींत त्यास घातक ठरणार होता. रोजच्या तपासणीचा जन्म या अनुभवांतून झाला.

हॅंबुर्गनें पुढें दिरंगाई केली नाहीं. कामास रात्रंदिवस माणसें लावून मे १८९३ मध्यें काल्टेहोफं बेटावरील गाळणीघर सुरू करण्यांत आलें. विषमज्वरानें मरणाऱ्यांची संख्या झपाट्यानें उतरली. याहूनहि आश्चर्याची गोष्ट हॅंबुर्गचे वैद्यकीय अधिकारी राइंके यांच्या नजरेस आली. पाण्याशीं ज्या रोगांचा संबंध कोणी जोडीत नव्हतें त्या रोगांनीं होणारे मृत्यूहि कमी झाले होते. अमेरिकेंत मॅसॅच्युसेट्समधील लॉरेन्स या लहान शहरीं हायरम मिल्स यांस हाच अनुभव त्याच सुमारास आला, आणि दोघांच्या नांवांनीं तो शास्त्रग्रंथांत नोंदला गेला. वाईट पाणी साथीच्या वेळींच मारतें असें नाहीं. तें एरवींहि, कोणाच्या लक्षांत न येतां, घरांतील दुबळ्यांचें आयुष्य कुरतडीत असतें.

या घटनेचे धागे हिंदुस्थानपर्यंतहि पोंचतात. हॅंबुर्गमध्यें साथ पेटली त्याच उन्हाळ्यांत वाल्डेमार हाफकीन यांनीं पॅरिसमध्यें पटकीची लस प्रथम स्वतःला टोंचून घेतली होती. १८९३ सालीं ते हिंदुस्थानांत आले. १८९६ मध्यें प्लेगच्या निमित्तानें मुंबईस आले, आणि परळच्या संस्थेला १९२५ पासून त्यांचेंच नांव आहे. आग्र्याचे हँकिन यांनीं विहिरींत पोटॅशियम परमँगनेट टाकण्याचा उपाय पुढें आणला, आणि यात्रेपूर्वीं विहिरींचें पाणी गुलाबी करणारे सरकारी नोकर खेडोपाडीं दिसूं लागले. पंढरपुरासारख्या क्षेत्रीं यात्रेच्या गर्दींत पटकी वारंवार उद्भवे व परतणाऱ्या वारकऱ्यांबरोबर वाटेवरील गांवांत पसरे, हा एकोणिसाव्या शतकाचा अनुभव होता. पुढें १९०५ सालीं इंग्लंडांतील लिंकन या लहान शहरीं विषमज्वराच्या साथींत पाण्यांत सतत क्लोरीनचें द्रव्य घालण्यांत आलें. चव बिघडली म्हणून लोकांनीं कुरकुर केली; पण साथ आटोक्यांत आली, आणि तोच उपाय जगभर रूढ झाला.

तथापि कारखान्यांतून शुद्ध निघालेलें पाणी ओठांपर्यंत शुद्धच पोंचेल, याची हमी गाळणी किंवा क्लोरीन देऊं शकत नाहीं. जमिनीखालीं फुटका नळ गटाराशेजारून जात असेल आणि पाणी दिवसांतून दोनच तास सुटत असेल, तर रिकाम्या नळांत बाहेरची घाण ओढली जाते. गच्चीवरच्या टाकीचें झांकण उघडें राहिलें, तर हॅंबुर्गच्या टाक्यांतील चिखल येथेंहि साचतो. आणि नळ, टाकी सारें चोख असूनहि रांजणांत हात बुडवून तांब्या भरला, तर शेवटच्या दोन हातांच्या अंतरावर सर्व खटाटोप फुकट जातो. जुन्या घरांत रांजणावर झांकण व लांब दांड्याचें ओगराळें असे. त्यांत केवळ सोवळें नव्हतें, शहाणपणहि होतें. दुपदरी फडक्यानें पाणी गाळण्याची रीतहि तशीच. नारूचा प्रसार करणारे बारीक जलजीव त्या फडक्यांत अडकतात. जेथें पायऱ्यांच्या विहिरी होत्या तेथें नारू घरोघर माहीत होता. विहिरींची सुधारणा आणि हें साधें फडकें यांच्या बळावर २००० सालीं हिंदुस्थान नारूमुक्त झाल्याचें जागतिक आरोग्य संघटनेनें जाहीर केलें. पटकीचा जंतु मात्र एकपदरी विणीला सहज चुकवूं शकतो. त्याला उकळी किंवा क्लोरीनच हवें.

१९३७ च्या कायद्यानें आल्टोना हॅंबुर्गमध्यें विलीन झालें आणि ती हद्दीची रेषा पुसली गेली. काल्टेहोफंचे गाळणीहौद १९९० पर्यंत चालले. पुढें त्या जागेवर संग्रहालय उभें राहिलें. रस्त्याच्या दोन्हीं बाजूंस आतां एकच पाणी येतें, आणि तेथील कोणा आईला तोटीखालीं हात धरणाऱ्या मुलास अडवावें लागत नाहीं. परंतु ज्या ज्या शहरांत एका पेठेस गाळलेलें पाणी मिळतें व शेजारच्या वस्तीस टँकरची वाट पाहावी लागते, तेथें तेथें ती जुनी रेषा अजून रस्त्याच्या मधोमध आंखलेली आहे. आठ हजार सहाशें माणसें गमावून हॅंबुर्गनें जें शिकलें, तें आल्टोनानें तेहतीस वर्षें आधीं, केवळ आपलें पाणी वाईट आहे असें प्रामाणिकपणें मान्य करून, साधलें होतें.